हाड स्वतः उपाशी असताना फॉस्फेट बाहेर टाकायला का सांगतं?

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत, थोडा आटोपता घेऊन देते.

‘मुलगी साडेचार वर्षांची. चालायला लागली तेव्हापासून पाय फेंगडे. व्हिटॅमिन डीच्या ६०,०००च्या पुड्यांचे तीन कोर्स झाले, फरक नाही. आता नवीन डॉक्टर म्हणतात, डी ठीक आहे, कॅल्शियम ठीक आहे, फॉस्फरस कमी आहे. तो लघवीवाटे जातोय, कारण हाडातून एक हार्मोन निघतं आणि ते किडनीला तसं करायला लावतं. चार महिने झाले, दिवसातून पाच वेळा फॉस्फेटचं औषध पाजतोय. फॉस्फरस २.६ होता तो २.८ झाला. हाडालाच फॉस्फेट पाहिजे, मग हाडच ते बाहेर टाकायला का सांगेल? रक्तात किती आहे हे हाडाला कळतं तरी कसं? जाता जाता सांगतो, माझेही पाय असेच आहेत, उंची ४ फूट ११. थोरला मुलगा मात्र सरळ आहे.’

भाऊ, मी नाशकात लहान मुलांच्या हार्मोनचे आजार बघते, वीस वर्षांहून जास्त झाली. मुडदूस घेऊन येणारे पालक रोज भेटतात, पण हाडाला कळतं कसं असं विचारणारे फार थोडे. तुम्हाला हे दोन प्रश्न वाटताहेत, पण तो एकच आहे. खरा प्रश्न असा की पुरेसं फॉस्फेट म्हणजे किती, हे तुमच्या मुलीचं हाड ठरवतं कुठल्या खुणेवरून? ती खूणच सरकली असेल, तर बाकी सगळं उलगडतं. औषध देऊनही आकडा का हलत नाही, तेसुद्धा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मुलीला तपासल्याशिवाय, एक्स-रे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी निदान करणार नाही. फॉस्फरस कमी आणि पाय वाकडे याची कारणं अनेक असतात. किडनीच्या नलिकाच बिघडल्या तर फॉस्फेटबरोबर साखर, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट असं सगळंच गळतं. व्हिटॅमिन डीची खरी कमतरता असली तरी पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) वाढून फॉस्फरस घसरतो. तुम्ही लिहिलेल्या हकिकतीवरून, विशेषतः तुमचे पाय आणि थोरल्याचे सरळ पाय या एका ओळीवरून, माझं मन एका आजाराकडे झुकतं, एक्स गुणसूत्रावरून येणाऱ्या फॉस्फेट-गळतीच्या मुडदुसाकडे. पुढचं सगळं तो आजार आहे असं धरून लिहिते. तपासणीत वेगळं निघालं तर यातलं निम्मं लागू पडणार नाही.

तीन कोर्स होईपर्यंत हे लक्षात कसं आलं नाही, याचं बरंचसं उत्तर रिपोर्टच्या कागदावरच असतं. फॉस्फरसच्या पुढे बहुतेक लॅब छापतात २.५ ते ४.५. हा मोठ्या माणसाचा हिशेब. साडेचार वर्षांच्या मुलाचा फॉस्फरस साधारण ३.७ ते ५.६ च्या दरम्यान हवा, कारण त्याची हाडं वाढताहेत. २.६ हा आकडा छापील चौकटीत बसतो म्हणून त्याच्यापुढे खूण उमटत नाही, आणि घाईत बघणाऱ्याला तो नॉर्मल वाटतो. माझ्याकडे आलेल्या अशा मुलांपैकी कित्येकांच्या फायलीत दोन दोन वर्षांपूर्वीचा कमी फॉस्फरसचा कागद निवांत लावलेला सापडतो. कोणी बघितलाच नाही असं नाही, बघूनही तो बोलला नाही. मुलाच्या रिपोर्टवर मुलाच्या वयाची चौकट छापलीच पाहिजे, असं मी प्रत्येक लॅबवाल्याला सांगत असते.

आता हाडाकडे वळू. हाड म्हणजे बागेतला मंडपाचा लोखंडी अँगल, एकदा रोवला की संपलं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हाड गजबजलेलं असतं. त्यातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी ऑस्टिओसाइट या जातीच्या. त्या मुळात हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. बांधता बांधता स्वतःच्याच बांधकामात गाडल्या जातात आणि मग तिथेच वर्षानुवर्षं राहतात. प्रत्येकीची एक बारीक खोली, आणि त्या खोलीतून चहूकडे केसाहून बारीक बोगदे. बोगद्यांतून या पेशी हात लांबवून शेजारणीचे हात धरतात. बोगद्यांतून पाणी वाहतं, त्या पाण्यात रक्तातून आलेलं फॉस्फेट असतं. म्हणजे अख्ख्या सांगाड्यात एक जाळं पसरलेलं आहे आणि ते सतत ओलं आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत, उरलेला बहुतेक स्नायू आणि इतर पेशींच्या आत. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिळून जेमतेम एक टक्का. आपण सुई टोचून मोजतो तो या एका टक्क्यातला. द्राक्षवाल्याला हे सांगायला नको. माती परीक्षणात स्फुरद, म्हणजे फॉस्फरसच, भरपूर दिसतो, पण चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो बांधलेला असतो, वेलीला मिळत नाही. म्हणून तुम्ही पानदेठ परीक्षण करता आणि त्यावरून ०:५२:३४ हे स्फुरदाचं खत किती सोडायचं ते ठरवता. साठा किती आणि हाताशी किती, हे दोन वेगळे हिशेब आहेत. हाडाला हाताशी किती आहे ते कळावं लागतं.

हे कळतं कसं, ते नाशिककरांना गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण गोदावरीच्या पुराचा अंदाज कशावरून घेतो? मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. एक उंची, एक खूण, सगळ्या गावाला कळणारी. शरीरात कॅल्शियमसाठी असा एक मारुती आहे. पॅराथायरॉइड ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारं एक प्रथिन बसलेलं असतं, ते १९९३ साली सापडलं. कॅल्शियम किंचित खाली गेलं की मिनिटांत पीटीएच सुटतं. फॉस्फेटसाठीही असाच एक मारुती असेल, असं समजून संशोधक कितीतरी वर्षं शोधत राहिले. तसा एकच सापडला नाही. सापडल्या त्या नदीकाठच्या चार-पाच वेगवेगळ्या खुणा, आणि हाड त्या सगळ्यांकडे लक्ष ठेवून असतं.

पहिली खूण पेशीच्या भिंतीवर. फॉस्फेट आत नेणारे दोन वाहक आहेत, पिट-१ आणि पिट-२. त्यांचं काम ओझं वाहण्याचं, पण हाडपेशींवरच्या प्रयोगांत दिसलं की हे दोघं एकमेकांना चिकटून जोडी करतात आणि बाहेर फॉस्फेट किती आहे त्याप्रमाणे ती जोडी बदलते. त्या बदलातून पेशीच्या आत निरोप जातो. ओझं वाहण्याची त्यांची ताकद काढून घेतली तरी निरोप जातच राहतो. म्हणजे हमालच पहारेकरीही आहे.

दुसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती थेट तुमच्या मुलीच्या हार्मोनपाशी नेते. त्या हार्मोनचं नाव एफजीएफ-२३. ऑस्टिओसाइट ते बनवतात. गंमत अशी, की ते नुसतं बनवून भागत नाही. पेशीतून बाहेर पडण्याआधीच एक कात्री त्याच्यावर टपलेली असते. हार्मोनच्या लांब साखळीतल्या १७९ आणि १८० या दोन कड्यांच्या मध्ये ती कात्री चालली की दोन निकामी तुकडे होतात. कात्रीपासून वाचायचं तर कापायच्या जागेशेजारी, १७८व्या कडीवर, साखरेचा एक गोळा चिकटवावा लागतो. तो चिकटवणाऱ्या एन्झाइमचं नाव गॅलएनटी-३. २०१९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की बाहेर फॉस्फेट वाढलं की हाडपेशीवरचा एफजीएफआर-१ हा ग्राहक (हार्मोनचा निरोप झेलणारं प्रथिन) जागा होतो, त्याला जागं करणारं कुठलंही हार्मोन नसतानासुद्धा. तो जागा झाला की गॅलएनटी-३ वाढतं, जास्त रेणूंना साखर लागते, कमी रेणू कापले जातात, आणि अखंड एफजीएफ-२३ रक्तात जास्त येतं. थोडक्यात, हाड फॉस्फेट वाढल्याचं उत्तर दोन ठिकाणी देतं. हार्मोन किती बनवायचं तिथे, आणि बनवलेल्यातलं किती वाचवायचं तिथे.

तिसरी खूण हाडात नाहीच, ती किडनीत आहे. बॉस्टनच्या संशोधकांनी २०२० ते २०२३ या काळात हे उलगडलं. किडनीच्या नलिकांतल्या पेशींत फॉस्फेट जास्त आलं की साखर जाळण्याच्या क्रियेला जोर चढतो, आणि त्यातून ग्लिसरॉल-३-फॉस्फेट नावाचा लहानसा रेणू रक्तात सुटतो. तो हाडापर्यंत पोचतो आणि हाड एफजीएफ-२३ वाढवतं. म्हणजे धरणाच्या दरवाजावरचा माणूस कार्यालयाला फोन करून सांगतो, इकडे पाणी चढलंय. मग कार्यालय उलट त्यालाच हुकूम देतं, दरवाजा उघड.

आणखी एक सांगण्याचा मोह आवरत नाही. पेशीतून फॉस्फेट बाहेर सोडणारं एक्सपीआर-१ नावाचं एक प्रथिन माणसात आहे. त्याच्या एका टोकाला एसपीएक्स नावाचा तुकडा असतो, आणि पेशीच्या आत फॉस्फेटची चंगळ आहे की टंचाई, हे तो ओळखतो. हाच तुकडा यीस्टमध्ये आहे आणि वनस्पतींतही आहे. तुमची थॉमसनची वेल स्फुरद कमी पडल्याचं ज्या जुन्या यंत्राने ओळखते, त्याच घराण्यातलं यंत्र तुमच्या मुलीच्या पेशींत बसलेलं आहे.

कळल्यावर हाड करतं काय? एफजीएफ-२३ रक्तातून किडनीला पोचतं. तिथे क्लोथो नावाच्या प्रथिनाची जोड असेल तरच ते ग्राहकाला नीट चिकटतं. चिकटलं की दोन गोष्टी होतात. गाळलेल्या लघवीतून फॉस्फेट परत ओढून घेणारे वाहक नलिकेच्या भिंतीवरून काढून घेतले जातात, त्यामुळे फॉस्फेट वाहून जातं. आणि व्हिटॅमिन डीला कामाच्या रूपात आणणारं एन्झाइम दाबलं जातं, त्यामुळे आतड्यातून फॉस्फेट आणि कॅल्शियम कमी शोषलं जातं. एक लक्षात ठेवा, हे सगळं सावकाश चालतं. पीटीएचसारखा मिनिटांचा मामला नाही. फॉस्फेटचं जड जेवण घेतल्यावर एफजीएफ-२३ हलायला बरेच तास जातात, आणि नीट नवी पातळी धरायला दिवस. पुढे औषधाच्या हिशेबात हे कामाला येतं.

हे झालं लांबवर पाठवलेलं उत्तर. हाडात जागच्या जागीही उत्तरं असतात. त्यातलं एक तुम्हाला एक्स-रेवर स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. मुलीच्या मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे उजेडासमोर धरा. हाडाचं टोक सरळ रेषेत संपायला हवं. मुडदुसात ते झिजलेल्या कुंचल्यासारखं विस्कटलेलं आणि बशीसारखं खोलगट दिसतं, आणि टोकाच्या पुढची काळी फट रुंद झालेली असते. ती फट म्हणजे वाढीची पट्टी, कूर्चेची. तिथल्या पेशी फुगतात आणि मग त्यांना मरावं लागतं. त्या मेल्या की त्यांच्या जागेत खनिज भरतं आणि उंची वाढते. ‘आता मर’ हा हुकूम त्यांना फॉस्फेट देतं. उंदरांवरच्या अभ्यासातून २००५ साली हे स्पष्ट झालं. फॉस्फेट कमी असेल तर त्या मरतच नाहीत, नुसत्या साचत जातात आणि पट्टी जाड होत जाते. त्या मऊ पट्टीवर अंगाचं ओझं येतं आणि पाय वाकतात. व्हिटॅमिन डीच्या कमतरतेने झालेला मुडदूससुद्धा शेवटी याच वाटेने होतो, कारण तिथेही पीटीएच वाढून फॉस्फेट घसरलेलं असतं. म्हणून दोघांचे एक्स-रे सारखे दिसतात आणि म्हणूनच पहिल्यांदा डीच्या पुड्या दिल्या जातात. पहिला कोर्स देणाऱ्याला मी दोष देणार नाही. आपल्याकडे डी आणि कॅल्शियमच्या कमतरतेचा मुडदूस जास्त दिसतो. दुसऱ्या कोर्सच्या आधी मात्र थांबून लघवीतला फॉस्फरस बघायला हवा होता.

आता मूळ प्रश्नावर येते. हाड उपाशी आहे, तरी बाहेर टाका म्हणतं. हे कोडं डॉक्टरांनाही फार वर्षं छळत होतं. डीला न जुमानणाऱ्या मुडदुसाचं वर्णन फुलर अल्ब्राइट यांनी १९३७ साली केलं. त्यानंतर कित्येक दशकं बहुतेकांना वाटायचं की दोष किडनीत आहे, कारण गळती तिथे दिसते. १९५९ साली झुरिकच्या आंद्रेआ प्राडर यांनी एका मुलीची हकिकत लिहिली. तिच्या बरगडीतली गाठ काढली आणि मुडदूस बरा झाला. किडनीला कोणी हात लावला नव्हता. १९९२ साली अमेरिकेत याचा सोक्षमोक्ष लावणारा प्रयोग झाला. हाच आनुवंशिक आजार असलेल्या उंदराची किडनी निरोगी उंदराला बसवली, आणि निरोगी उंदराची आजारी उंदराला. आजारी उंदराची किडनी निरोगी अंगात गेल्यावर फॉस्फेट नीट राखू लागली. निरोगी किडनी आजारी अंगात गेल्यावर गळू लागली. दरवाजावरचा माणूस निर्दोष होता. हुकूमच चुकीचा येत होता. तो हुकूम देणारं एफजीएफ-२३ हे २००० साली सापडलं.

आणि हुकूम चुकतो कशाने? ज्या आजाराचा मला संशय आहे, त्यात एक्स गुणसूत्रावरचं फेक्स नावाचं जनुक बिघडलेलं असतं. हे जनुक १९९५ साली सापडलं. ते काम करतं मुख्यतः ऑस्टिओब्लास्ट, ऑस्टिओसाइट आणि दात घडवणाऱ्या पेशींत. ते बिघडलं की ऑस्टिओसाइट एफजीएफ-२३ जास्त सोडतात, रक्तात फॉस्फेट कमी असतानाही. दुतोंड्या मारुतीची मूर्तीच कोणी खाली खोल नेऊन बसवली असं समजा. नदीत गुडघाभर पाणी आहे, पण मूर्तीच्या गळ्याशी लागलंय. कार्यालय ते बघतं आणि प्रामाणिकपणे विसर्ग वाढवायचा हुकूम देतं. तुमच्या मुलीचं हाड तिच्याशी वैर करत नाही. त्याला खरोखरच फॉस्फेट पुरेसं दिसतंय.

शिवाय फेक्स नसलं की एक स्थानिक नुकसानही होतं. हाडात खनिज बसायला आडकाठी करणारं ऑस्टिओपॉन्टिन हे प्रथिन फेक्स एरवी तोडून टाकतं. फेक्स नसेल तर ते साचतं. शिकत असताना मला अशा एका रुग्णाच्या हाडाची स्लाइड दाखवली होती. खनिजाच्या गडद रंगात प्रत्येक ऑस्टिओसाइटच्या खोलीभोवती फिकट कडं दिसत होतं, जणू प्रत्येक पेशीने आपल्याभोवतीची भिंत ओलीच ठेवली आहे. रक्तातला फॉस्फरस वाढवल्याने ती कडी पूर्ण भरत नाहीत. एवढ्यावरून कळावं की हा निव्वळ फॉस्फेटच्या तुटवड्याचा आजार नाही.

आता २.८ चं बोलू. फॉस्फेटचा डोस घेतल्यावर तास-दीड तासात रक्तातला फॉस्फरस चढतो आणि चार तासांच्या आत जवळजवळ मूळ पातळीला येतो. दिवसातून पाच वेळा देतात ते म्हणूनच. एकदम जास्त दिलं तर जुलाब होतात आणि चढही टिकत नाही. तुम्ही सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं असेल तर रात्रीच्या डोसनंतर केव्हाच सगळं उतरलेलं असतं. त्यामुळे २.८ हे औषध वाया गेल्याचं लक्षण नाही. बाहेरून दिलेल्या फॉस्फेटला हाड एफजीएफ-२३ आणखी वाढवून उत्तर देतं, म्हणजे डोस दामटत नेला तर गळतीही वाढते. औषधाचं काम दिवसातून पाच वेळा वाढीच्या पट्टीला थोडा थोडा घास मिळवून देणं एवढंच. तेवढ्यावर पट्टी बारीक होते, टोकं सरळ होतात, मूल वाढतं.

हे मी चूक करून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचा फॉस्फरस नॉर्मलला आणायचाच असं मी मनावर घेतलं. दर भेटीला डोस वाढवला. आई बिचारी अलार्म लावून रात्री उठायची. वर्षाने पीटीएच दुप्पट झालं होतं आणि सोनोग्राफीत किडनीच्या आत पांढरे ठिपके, कॅल्शियम साचल्याचे. मी आकड्यामागे धावत होते, आणि ज्याच्यासाठी धावायचं ते मूल बाजूला राहिलं. डोस कमी केल्यावर पीटीएच उतरलं, ठिपके मात्र राहिले. तेव्हापासून मी फॉस्फरसचा आकडा नॉर्मल करायला जात नाही. मी बघते अल्कलाइन फॉस्फटेज (मुडदुसात रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरतंय का, उंची किती वाढली, दोन गुडघ्यांमधलं अंतर किती बोटांनी कमी झालं, एक्स-रेवर टोक सरळ होतंय का. आणि सुरक्षेसाठी पीटीएच, लघवीतलं कॅल्शियम आणि ठरावीक काळाने किडनीची सोनोग्राफी.

फॉस्फेटबरोबर कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल चालू आहे का, हे तुमच्या प्रश्नात नाही. ते हवंच. साध्या डीच्या पुडीने इथे भागत नाही, कारण त्या डीला कामाच्या रूपात आणणारं एन्झाइम एफजीएफ-२३ ने दाबून ठेवलेलं असतं. म्हणून तयार रूपच द्यावं लागतं. तीन कोर्स का लागू पडले नाहीत, त्याचं उत्तर हेच. नुसतं फॉस्फेट दिलं तर पीटीएच वर जातं, आणि पीटीएच स्वतः किडनीतून फॉस्फेट घालवतं. नुसतं कॅल्सिट्रिऑल जास्त झालं तर लघवीत कॅल्शियम वाढतं. दोन्ही मिळून, वजनाप्रमाणे. जौलीचं फॉस्फेटचं द्रावण वापरत असाल तर त्याच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. डॉक्टरांनी सांगितलेले मिलिग्रॅम आणि तुम्ही मोजता ते मिलिलिटर एकदा समोरासमोर बसून जुळवून घ्या, कारण घरी चमच्याचा गोंधळ मी खूपदा पाहिला आहे. आणि औषध दुधातून देऊ नका. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच फॉस्फेटला धरून ठेवतं. पाण्यात किंवा सरबतात द्या, दूध तासाभराच्या अंतराने.

खुणेची जागा सरकलेली असताना थेट हुकूमच अडवणारं औषधही आता आहे. बुरोसुमॅब हे एफजीएफ-२३ ला बांधून ठेवणारं इंजेक्शन, २०१८ साली अमेरिकेत आणि युरोपात त्याला मान्यता मिळाली. मुलांना साधारण दर दोन आठवड्यांनी देतात आणि ते चालू असताना तोंडावाटे फॉस्फेट देत नाहीत. त्याने गळती कमी होते आणि एक्स-रे चांगला सुधारतो. त्याची किंमत सध्या तुमच्या-माझ्यासारख्या घराला झेपणारी नाही, हे मला सांगावं लागतं आणि दर वेळी वाईट वाटतं. पण जुनं औषध नीट, लवकर आणि न चुकता दिलं तरी साडेचार वर्षांच्या मुलीचे पाय बरेच सरळ होतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे. शस्त्रक्रियेची घाई कोणी सुचवली तर अल्कलाइन फॉस्फटेज उतरेपर्यंत थांबा. हाड मऊ असताना सरळ केलेला पाय पुन्हा वाकतो.

आपल्याकडे रक्तक्षयासाठी शिरेतून लोहाचं इंजेक्शन सर्रास देतात, म्हणून हेही सांगून ठेवते. त्यातल्या फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या एका प्रकाराने एफजीएफ-२३ अखंड राहण्याचं प्रमाण वाढून फॉस्फरस घसरू शकतो, निरोगी माणसातसुद्धा. मुलीला किंवा तुम्हाला कधी लोह लागलं तर डॉक्टरांना हा आजार आधी सांगा.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ. तुम्ही ती सहज लिहिली, मला मात्र तीच सगळ्यात मोलाची वाटली. हा आजार एक्स गुणसूत्रावरून येतो. बाप मुलीला आपलं एकुलतं एक एक्स देतो आणि मुलाला वाय. म्हणून बापाला असेल तर प्रत्येक मुलीला येतो आणि मुलाला कधीच येत नाही. तुमच्या घरात नेमकं तेच दिसतंय. लहानपणी तुमच्याकडे ‘हाडं कमजोर आहेत, दूध प्या’ असं म्हणून विषय संपला असेल. न किडलेल्या दाताला मुळाशी पू झाला होता का कधी? मांडीत ठरावीक जागी दुखतं का, सकाळी टाच आणि गुडघे आखडतात का? मंडपाखाली वाकून छाटणी करताना दुखतं ते सगळं कामामुळेच असेल असं धरून चालू नका. मोठेपणी या आजारात स्नायू हाडाला जोडतात तिथे खनिज साचतं आणि मांडीच्या हाडाला बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांवर उपाय होतो.

तेव्हा पुढच्या वेळी मुलीला घेऊन जाल, तर आदल्या संध्याकाळचे डोस द्या, सकाळचा देऊ नका, आणि उपाशीपोटी रक्ताबरोबर त्याच वेळची लघवीही द्या. दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन मोजायला सांगा. त्या चार आकड्यांवरून किडनी किती फॉस्फेट परत ओढतेय याचा हिशेब निघतो. रक्तात फॉस्फरस एवढा कमी असताना निरोगी किडनीने जवळजवळ सगळंच परत ओढायला हवं. एफजीएफ-२३ ची तपासणी महाग आहे, आणि फॉस्फेट व कॅल्सिट्रिऑल चालू असताना ते तसंही वाढलेलं दिसतं, म्हणून खर्च करायचाच असेल तर फेक्स जनुकाच्या तपासणीवर करा. आणि त्याच दिवशी, त्याच टेबलावर, तुमचाही हात पुढे करा. तुमच्या कागदावर २.५ ते ४.५ हीच चौकट योग्य आहे.